देवगिरीला आलेले परदेशी



या महिन्यात ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांचे नाव आपल्या भजनमालिकेत नाही. कीर्तनाच्या उत्तररंगातही ते कधी ऐकू येत नाही. नाव बुऱ्हाणुद्दीन. लोक त्यांना बुऱ्हाणुद्दीन गरीब म्हणत. सुफी पंथाचे, त्यातही चिश्ती परंपरेचे. जन्म आजच्या हरियाणातल्या हांसी गावचा, आयुष्याची बहुतेक वर्षे गेली दिल्लीत, आणि देह ठेवला आपल्या देवगिरीच्या परिसरात, इ.स. १३३७ साली. दौलताबादहून घाट चढून वर गेले की खुलदाबाद लागते. तिथे त्यांची कबर आहे.

आपण विचाराल, वारकऱ्यांच्या अंकात हे कशासाठी? सांगतो.

मी एस.टी.त वाहक होतो. संभाजीनगरहून वेरूळ-कन्नडकडे जाणाऱ्या गाडीवर कितीतरी वर्षे मी ‘खुलदाबाद, खुलदाबाद’ अशी हाळी दिली आहे. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला निघालेली माणसे नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसत. उरुसाच्या दिवसांत फुलांची चादर सांभाळत दुसरी माणसे येत. तिकीट दोघांचे सारखेच, आणि खिडकीजवळच्या जागेवरून होणारी तक्रारही सारखीच. पण अलीकडे खुलदाबाद म्हटले की लोकांच्या मनात एकच नाव उभे राहते, औरंगजेबाचे. १७०७ साली वारलेल्या बादशहाला तिथे का पुरले, तर तिथे आधीपासून एका फकिराची कबर होती म्हणून. त्या फकिराचे नाव जैनुद्दीन शिराझी, आणि जैनुद्दीनांचे गुरू हे बुऱ्हाणुद्दीन. म्हणजे ज्यांच्यामुळे त्या टेकडीला मोठेपण आले, ते गुरू बादशहाच्या पावणेचारशे वर्षे आधी तिथे विसावलेले. आणि त्यांचे नाव मात्र वाटसरूला ठाऊक नाही. निवृत्तीनंतर ग्रंथालयात बसायला वेळ मिळाला, तेव्हा मी त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता मला माझी आजी आठवत राहिली. ती का आठवली, ते पुढे येईलच.

आधी त्यांच्या नावाकडे पाहू. आपण ‘गरीब’ म्हणतो तेव्हा ज्याच्याकडे पैसा नाही तो माणूस आपल्या मनात असतो. अरबी-फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे. गरीब म्हणजे परका, घरापासून दूर असलेला, परदेशी. आपल्या मराठीनेही हीच वाट धरलेली दिसते. आईबाप गेलेल्या लेकराला आपल्याकडच्या बाया ‘परदेशी झालं गं’ म्हणतात. ज्याचे गाव सुटले, त्याचे सगळेच सुटले, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने ओळखले.

बुऱ्हाणुद्दीन दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या पायाशी राहिले. निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद. ते पंजाबातल्या अजोधनचे, ज्याला आज पाकपट्टण म्हणतात. कवी अमीर खुस्रो हे बुऱ्हाणुद्दीनांचे गुरुबंधू. त्या मठात येणाऱ्या-जाणाऱ्याला अन्न मिळे, गाणे चाले, आणि राजदरबारापासून दूर राहण्याचा दंडक होता. सुलतान भेटीला येतो म्हणाला तरी निजामुद्दीन ती भेट टाळत.

आता त्या मठातली एक गोष्ट ऐका. ती त्यांच्या परंपरेनेच जपून ठेवली आहे. बुऱ्हाणुद्दीन सत्तरीला आले होते. जमिनीवर बसवेना, म्हणून ते घोंगडी दुमडून तिच्यावर बसू लागले. कुणीतरी निजामुद्दीनांच्या कानी घातले, की बुऱ्हाणुद्दीन आता गादीवर बसून गुरुपण करू लागले आहेत. गुरू रागावले. शिष्य भेटीला आला तेव्हा त्याच्याशी बोलले नाहीत, आणि सेवकाकडून निरोप दिला की इथून निघून जा. म्हातारा शिष्य घरी जाऊन रडत बसला. लोक सांत्वनाला येऊ लागले. शेवटी अमीर खुस्रो स्वतःची पगडी गळ्यात अडकवून, अपराध्यासारखे गुरूंपुढे जाऊन उभे राहिले. गुरूंनी विचारले, काय हवे? खुस्रोंनी आपल्या गुरुबंधूसाठी क्षमा मागितली. निजामुद्दीन विरघळले, आणि बुऱ्हाणुद्दीन पुन्हा पायाशी आले.

माउली, मी ही गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दुमडलेली घोंगडी ती केवढी, दोन बोटे उंच! पण त्या परंपरेला तेवढी उंचीही खपली नाही. आपल्या दिंडीत कोण पुढे चालणार, विणा कुणाच्या गळ्यात, कीर्तनाला उभे राहण्याचा मान आधी कुणाचा, यावरून होणारी कुजबूज आपण सगळ्यांनी ऐकली आहे. फडाची शिस्त हवी, मानही हवा. पण ती दोन बोटांची उंची मनात कधी चढते, हे कळत नाही. मला या गोष्टीत खुस्रो फार मोठे वाटतात. गुरुबंधू अडचणीत आला तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने वाद घातला नाही. आपलीच पगडी उतरवली.

१३२५ साली निजामुद्दीन गेले. दिल्लीत त्यांची समाधी झाली. शिष्याला वाटले असेल, आता उरलेले दिवस या समाधीच्या झाडलोटीत घालवू. तसे व्हायचे नव्हते.

त्याच वर्षी महंमद तुघलक गादीवर आला. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन ती आपली राजधानी करायची ठरवली. अधिकारी, विद्वान, कवी, फकीर अशा अनेकांना दिल्ली सोडून दक्षिणेत जाण्याचा हुकूम झाला. सारी दिल्ली ओस पडली असे जुन्या बखरकारांनी लिहिले आहे. आजचे इतिहासकार ते वाढवून सांगितलेले मानतात, कारण दिल्ली पुढेही नांदत राहिली. पण मठांतल्या मंडळींना निघावे लागले, हे खरे. इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी काही वर्षांनी इकडे आला. त्याने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे सांगितले आहे. आपली आळंदीहून पंढरीची वाट अठरा-वीस दिवसांची. तिच्या दुप्पट वाट, वय सत्तरीच्या पुढे, आणि वाटेच्या शेवटी विठोबा नाही. उलट गुरूची समाधी पाठीमागे राहिलेली. आपल्याला कुणी सांगितले की आळंदी सोडा आणि पुन्हा येऊ नका, तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

इथे मला आजी आठवली. आमचे गाव जायकवाडीच्या नाथसागरात गेले. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा, आजी सत्तरीच्या आसपास. घरातले सामान बैलगाडीत भरले गेले. आजीने दोनच गोष्टींचा हट्ट धरला, तुळशीवृंदावनातली माती आणि जाते. जाते जड, गाडीत जागा नाही, आणि नव्या ठिकाणी पिठाची गिरणी होती. वडील समजावून थकले. शेवटी जाते गाडीत चढले आणि वडील गाडीमागून चालत आले. ज्या गावाशेजारी आम्हांला वसवले, तिथे आम्हांला कितीतरी वर्षे ‘धरणवाले’ हेच नाव होते. नळावर धरणवाल्यांचा नंबर शेवटी. पण आजीने पहाटे जाते मांडले, ओवी धरली, आणि महिनाभरात शेजारच्या गावातल्या दोन बाया दळायला येऊन बसल्या. गिरणी असताना आल्या. पीठ गिरणीतही मिळत होते. त्या आल्या ओवीसाठी.

बुऱ्हाणुद्दीनांनी दौलताबादला येऊन काय केले? तेही बरेचसे असेच. त्यांच्या हातात सत्ता नव्हती, वतन नव्हते. त्यांनी गुरूच्या घरचे दोन रिवाज इथे मांडले, येणाऱ्याला जेवू घालणे आणि गाणे ऐकणे. सुफी लोक त्या गाण्याला समा म्हणतात. गाणारा ईश्वरप्रेमाची पदे गातो, ऐकणारे ऐकता ऐकता हेलावतात, कुणी उभा राहतो, कुणी डोलू लागतो. बुऱ्हाणुद्दीनांना याची इतकी ओढ होती, की त्यांच्या मंडळींच्या डोलण्याच्या पद्धतीलाच ‘बुऱ्हाणी’ हे नाव पडले. हे सगळ्यांना मान्य होते असे नाही. धर्मशास्त्र जाणणाऱ्या पुष्कळांना गाणेबजावणे निषिद्ध वाटे. दिल्लीत निजामुद्दीनांनाही याबद्दल सुलतानापुढे जाब द्यावा लागला होता. पुढे ज्यांनी बुऱ्हाणुद्दीनांची परंपरा चालवली, ते जैनुद्दीन विद्वान होते, आणि सुरुवातीला त्यांनाही हे समाचे प्रकरण पटत नव्हते. पण म्हाताऱ्याच्या भेटीला आले आणि त्यांचेच झाले.

टाळ-मृदंगाच्या नादात ज्याचे पाय आपोआप उचलले गेले आहेत, त्याला हे समजावून सांगायला नको. मी समा आणि कीर्तन एकच म्हणत नाही. त्यांची श्रद्धा त्यांची, आपली आपली. देवाचे नाव गाताना अंग आवरत नाही, एवढी गोष्ट मात्र दोघांना ठाऊक आहे.

बुऱ्हाणुद्दीन बोलत ते शिष्य लिहून ठेवत. रुक्नुद्दीन, हम्माद आणि मजद या तीन काशानी भावंडांनी त्यांच्या आठवणी आणि बोल फारसीत उतरवले. त्यांत घोंगडीवर बसलेला, दुखणेकरी, पण आल्यागेल्याची विचारपूस करणारा एक वृद्ध दिसतो. सुलतानाकडून आलेला पैसा त्यांनी वाटून टाकला, अशीही आठवण आहे. काही वर्षांनी सुलतानाचा बेत फिसकटला. लोकांना दिल्लीला परतायची मुभा मिळाली. पुष्कळ लोक परतले. बुऱ्हाणुद्दीन मात्र इथेच राहिले. निजामुद्दीनांची वचने लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी हाही दिल्लीहून आला होता, तोही खुलदाबादलाच विसावला आहे.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे गेलो तर आपण मला विचाराल, आणि विचारायलाच हवे. ही मंडळी देवगिरीला आली ती जिंकणाऱ्यांच्या मागोमाग. ज्ञानोबारायांनी समाधी घेतली त्या १२९६ सालीच अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. ज्या रामदेवरायाच्या राज्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याची राजधानी पडली. ते दुःख खरे आहे, आणि कुणाच्याही चांगुलपणाने ते पुसता येत नाही. मग त्या राजवटीबरोबर आलेल्या फकिराकडे कसे पाहावे? मी माझ्यापुरते असे ठरवले आहे, की सुलतानाचा हिशोब सुलतानाकडे मागावा. हुकमाने घर सुटलेल्या सत्तरीच्या माणसाकडे मात्र तो इथे येऊन कसा वागला, एवढेच पाहावे. आम्हां धरणवाल्यांनाही त्या गावच्या लोकांनी शेवटी तसेच पाहिले. त्यांच्या गायरानावर आमची घरे उठली, हे त्यांनाही टोचले होतेच.

आता साल-सनांकडे या. बुऱ्हाणुद्दीनांनी देह ठेवला १३३७ साली. मंगळवेढ्याला वेशीचे बांधकाम कोसळून चोखोबा त्याखाली गेले ते १३३८ साली. मध्ये एकच वर्ष. चोखोबांच्या अस्थी आणायला नामदेवराय गेले, हे आपण जाणतो. म्हणजे हा परदेशी देवगिरीला राहत होता, तेव्हा आपले नामदेवराय हयात होते. दोघांची भेट झाली असे कुठे लिहिलेले नाही, आणि मीही ती जुळवणार नाही. पण दोघांच्या वाटा पाहा. एक हांसी-दिल्लीकडून दक्षिणेत आला आणि इथलाच झाला. दुसरे पंढरपूरहून उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमानला कित्येक वर्षे राहिले आणि तिथलेच झाले. आजही घुमानचे लोक त्यांना बाबा नामदेव म्हणून भजतात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा आपल्यापैकी किती तरी जण ते पाहून आले.

आणि त्या पंजाबातच या दोन वाटा एका ठिकाणी येतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. त्याच ग्रंथात शेख फरीद यांची वचने आहेत, आणि ते फरीद म्हणजेच बुऱ्हाणुद्दीनांच्या गुरूंचे गुरू बाबा फरीद, असे परंपरा मानते. आपला शिंपी आणि त्यांचा फकीर एकाच ग्रंथात शेजारी शेजारी बसले आहेत, आणि त्या ग्रंथापुढे रोज लाखो माणसे मस्तक टेकतात. ज्या पंजाबी लोकांनी त्यांना तिथे बसवले, त्यांनी दोघांनाही परदेशी म्हटले नाही.

बुऱ्हाणुद्दीनांमागे काय उरले, हेही सांगायला हवे. तापीकाठचे बऱ्हाणपूर त्यांच्या नावाने वसले. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने १४०० च्या सुमारास ते वसवले आणि पलीकडच्या काठाला जैनुद्दीनांच्या नावाने जैनाबाद. खानदेशातल्या वारकऱ्यांना बऱ्हाणपूर परके नाही, पण गावाचे नाव कुणावरून पडले हे सहसा कुणी सांगत नाही. राजेलोकांना या फकिरांच्या शेजारी पुरले जावेसे वाटू लागले. मलिक अंबर खुलदाबादला आहे, हैदराबादचा पहिला निजाम बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात आहे, औरंगजेब जैनुद्दीनांच्या दर्ग्यात साध्या उघड्या कबरीत आहे. जो दरबारापासून लांब राहिला, त्याच्या दारात दरबार येऊन झोपला.

आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. पुढे दोनशे वर्षांनी त्याच देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. पैठणहून बाल एकनाथ त्यांच्याकडे गेले. दत्तात्रेय मलंगाच्या वेषात आले आणि नाथांना प्रथम ओळखू आले नाहीत, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देवगिरीच्या पायथ्याच्या चांद बोधल्यांना जनार्दनस्वामींचे गुरू मानणारी परंपरा आहे, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद त्यांचेच शिष्य. ज्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला आणि ज्यांना आपण संतमेळ्यात बसवले, तेच हे शेख महंमद. नाथांनी हिंदू-तुर्क संवादावर भारूड रचले. हे सगळे बुऱ्हाणुद्दीनांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. ती परंपरा निराळी. पण त्या टेकड्यांवर देव मलंगाच्या वेषात येऊ शकतो असे लोकांना वाटले, याला आधी तिथे काही फकीर खरेच चांगले वागून गेले असले पाहिजेत.

आणखी एक. दक्खनी बोलीत सुफींची ‘चक्कीनामे’ म्हणून गाणी आहेत. बाया दळताना ती म्हणत. ती पुढच्या काळातली, विजापूरकडची. आजीला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. पण जात्याच्या घरघरीत देवाचे नाव मिसळावे, हे त्या बायांनाही सुचले आणि आमच्याकडच्या बायांनाही.

आजी नव्या गावातच गेली. जाते अजून आहे, अंगणात पालथे. आमचे जुने गाव दुष्काळी सालात पाणी उतरले की थोडे दिसते, देवळाचा चौथरा आणि काही दगड. पण नाथांच्या पालखीत आमची दिंडी आजही जुन्याच गावाच्या नावाने चालते. नकाशात नसलेले गाव वारीत आहे. त्या दिंडीत आता शेजारच्या गावची माणसे जास्त आहेत, ज्यांनी आम्हांला धरणवाले म्हटले त्यांचीच नातवंडे. बुडालेल्या गावाचा पताका त्यांच्या खांद्यावर असतो.

माउली, तुमच्यापैकी कितीतरी जण आज गावाबाहेर आहेत. कुणी मुलाच्या घरी पुण्यात, आठव्या मजल्यावर. कुणी लेकीकडे परदेशात. तुळस कुंडीत आहे, एकादशीला बोलायला कुणी नाही. तुम्हांला वाटत असेल, आता आपण कुठलेच राहिलो नाही. तुमच्यासाठी मी या फकिराची गोष्ट लिहिली. सत्तरीनंतर नव्या जागी माणूस रुजू शकतो. जे गुरूच्या घरी शिकलो ते नव्या दारात मांडावे, कुणाला जेवू घालावे, नाम मोठ्याने घ्यावे. भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकत असते.

आणि जे आपल्या गावात, आपल्या घरात सुखाने आहेत, त्यांनाही एक विनंती. तुमच्या आळीत कुणी नवे आले असेल, ऊसतोडीहून परतलेले, धरणावरून उठलेले, दुसऱ्या भाषेचे, दुसऱ्या धर्माचे, तर त्याचे नाव आधी विचारा. पंगतीत बसताना थोडे सरका. आपण दुमडून उंच केलेली घोंगडी उलगडली, की तेवढ्याच घोंगडीवर आणखी एकाला बसता येते.

राम कृष्ण हरी.